द्राक्षपट्ट्यातल्या पायवाटांबद्दल खुले पत्र: आधी गाव नकाशा उघडा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
पर्यटन संचालनालय व वन विभाग
नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील ग्रामपंचायती
आणि या पट्ट्यातले द्राक्ष बागाईतदार व वायनरीचालक

विषय: द्राक्षपट्ट्यातील पायवाटा, सायकलवाटा आणि त्यांचे वार्षिक वेळापत्रक

महोदय,

वाइनसाठी नाशिकला येणारा पाहुणा आज गाडीतून उतरतो, चव घेतो, फोटो काढतो आणि पुन्हा गाडीत बसतो. ज्याला चालायचे असते त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. डांबरी रस्त्याच्या कडेने ट्रक चुकवत जायचे, नाहीतर तारा ओलांडून सरळ कुणाच्या तरी बागेत शिरायचे. पहिल्यात त्याच्या जिवाला धोका आहे, दुसऱ्यात बागेला, आणि बऱ्याचदा त्यालाही. या पट्ट्यासाठी पर्यटनाचा आराखडा करताना प्रवेशकमानी, सेल्फी पॉइंट आणि पार्किंग यांच्या आधी पायवाटांचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नवी वाट बांधण्याची गरज फार थोड्या ठिकाणी आहे. वाटा गाव नकाशावर आधीपासून आहेत. त्या मोकळ्या करा, आणि कोणती वाट कधी उघडी नि कधी बंद हे पर्यटनाच्या हंगामावरून न ठरवता बागेच्या कामांवरून ठरवा.

गाव नकाशात दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता, दुबार तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग असे तिन्ही प्रकार असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी वाटा दोन्ही बाजूंनी नांगरल्या जाऊन हातभर उरल्या आहेत, काहींवर बाभळी माजल्या आहेत, तर काहींच्या तोंडाशी द्राक्षाच्या मांडवाचा ताणखांब उभा आहे. त्या मोजून मोकळ्या करणे हे महसूल खात्याचे नेहमीचेच काम आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्यासाठीच काढली गेली. पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, मोकळी झाली की पहिला फायदा शेतकऱ्याला, कारण क्रेट भरलेला पिकअप बागेपर्यंत जातो. पाहुणा त्याच पाणंदीतून चालत गेला तर वेगळ्या भूसंपादनाचा प्रश्नच येत नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार जो बांधावरचा रस्ता देतात, तो एखाद्या खातेदाराला स्वतःच्या शेतात जाता यावे म्हणून असतो. त्यावर पर्यटकांची वर्दळ सुरू करणे योग्य नाही, आणि तसे झाले तर रस्त्याला कबूल झालेला शेजारीही उद्या हरकत घेईल. म्हणून आराखड्यात फक्त नकाशावरचे सार्वजनिक रस्ते घ्यावेत. जिथे खासगी बांधावरून दोनशे-तीनशे मीटर गेल्याशिवाय वाट जुळतच नाही, तिथे त्या शेतकऱ्याशी लेखी करार करावा, मुदत ठरवावी, मोबदला ठरवावा, आणि करार मोडण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवावा. हक्क त्याच्याकडे राहिला तरच तो वाट द्यायला तयार होईल.

आता बागेचे वेळापत्रक. बागाईतदारांना ते पाठ आहे. पर्यटनाचे फलक लावणाऱ्यांना ते बहुधा माहीत नसते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेलीवर मागच्या हंगामाच्या काड्या राहत नाहीत, पाणंदीत छाटलेल्या काड्यांचे ढीग पडतात आणि त्यात तारेचे तुकडे असतात. सायकलचे टायर सगळ्यात जास्त याच दिवसांत फाटतात. ऊन असे असते की सकाळी नऊनंतर उघड्या पाणंदीत चालू नये. जून ते सप्टेंबर पाऊस. या महिन्यांत निफाड आणि इगतपुरी यांना एकच नियम लावू नका. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाडला 500 च्या आसपास. पश्चिमेकडच्या वाटेवर ओढ्याचे पाणी वाढणे हा धोका आहे. पूर्वेकडे धोका चिखलाचा आहे, कारण काळी माती दोन सरी पडल्या तरी बुटाला किलोकिलोने चिकटते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते, आणि चालणाऱ्यांच्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक काळ आहे. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईडचा लेप लावतात, यालाच पेस्टिंग म्हणतात. हे रसायन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, आणि शरीर अल्कोहोल ज्या मार्गाने पचवते तो मार्गच अडवते. त्यामुळे ते अंगाला लागल्यावर कुणी मद्य घेतले तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, धाप लागणे, रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो. पेस्टिंग करणाऱ्या मजुरांना त्या दिवसांत दारूला शिवू नका असे म्हणूनच सांगतात. आता विचार करा. पाहुणा ताज्या पेस्टिंग केलेल्या ओळींत शिरतो, काड्या हाताने बाजूला सारत फोटो काढतो आणि अर्ध्या तासाने चव घ्यायला बसतो. वाइनच्या प्रदेशात याहून वाईट जुळणी दुसरी नसेल. पेस्टिंगच्या दिवसापासून लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत त्या बागेच्या ओळींत बाहेरचा एकही माणूस जाता कामा नये, मालकाचा पाहुणा असला तरी.

पुढे डिसेंबरपर्यंत फवारण्या चालतात. केवडा, भुरी, करपा या रोगांसाठी बोर्डो मिश्रण, गंधक आणि आंतरप्रवाही औषधे आलटून पालटून घेतली जातात. वारा पडलेला असतो म्हणून फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी होते. चालायला निघणाऱ्यांच्या आवडत्या वेळाही त्याच. त्यातही अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ सर्वांत सुंदर असते, हवा धुतलेली, डोंगर जवळ आलेले. नेमके त्याच सकाळी केवड्याच्या भीतीने प्रत्येक बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू असतो. ब्लोअरचे तुषार एका ओळीत थांबत नाहीत, पाणंदीवर येतात. पाऊस पडून गेल्यावरची पहिली सकाळ सर्व वाटा बंद, हा नियम फलकावर ठळक लिहावा.

जानेवारी ते मार्च तोडणी असते. वाइनच्या द्राक्षांची साखर ब्रिक्समध्ये मोजून तोडणीचा दिवस ठरतो, तो आठवडाभर आधी नक्की सांगता येत नाही. तोडणी पहाटे लवकर होते, कारण थंड माल वायनरीत पोहोचला तरच रस लवकर आंबत नाही. पेठ, सुरगाणा भागातून आलेले मजूर तेव्हा ओळींत वाकून काम करत असतात, क्रेट वाटेवर मांडलेले असतात, पिकअपला मागे-पुढे करायला जागा लागते. हवा चालायला उत्तम, गर्दी सर्वाधिक, आणि बागेलाही सर्वाधिक जागा हवी, असे हे तीन महिने. जर्मनीत द्राक्षे पिकायच्या सुमारास मळ्यांतले रस्ते बाहेरच्यांना बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे सरसकट बंदीची गरज नाही. तोडणी चालू असलेल्या टप्प्यापुरती सकाळी दहापर्यंत वाट बंद ठेवून शेजारच्या पाणंदीने वळवली तरी पुरते.

हे सगळे चालणाऱ्याला कळणार कसे? मोबाइल ॲपवर विसंबू नका, पट्ट्यातल्या कितीतरी पाणंदींत रेंज नसते. साधा झेंडा पुरेसा आहे. वाटेला लागून असलेल्या प्रत्येक बागेच्या तोंडाशी एक खांब आणि त्यावर लाल कापड. आदल्या संध्याकाळी मालकाने ते वर करायचे, मुदत संपली की खाली घ्यायचे. खाली एक पाटी, तिच्यावर तीनच गोष्टी: फवारणीची तारीख, औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, आणि पुन्हा आत जाता येईल ती तारीख. त्रिकोणाचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने असतात, हे सुरुवातीच्या मोठ्या फलकावर एकदा समजावून सांगावे. औषधाचे नाव लिहिण्याची सक्ती करू नका. शेतकरी ते लिहिणार नाही, आणि मग पाटीच लावणार नाही.

ओळींत शिरू नका, एवढे सांगून भागत नाही, का ते सांगावे लागते. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण कपड्यांना चिकटून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. ठिबकच्या नळ्यांवर पाय पडला की ड्रिपर निखळतो आणि त्या वेलीला पाणी मिळत नाही, हे आठ दिवसांनी पाने मलूल झाल्यावर कळते. खाण्याच्या द्राक्षाच्या मण्यावरची पांढुरकी झळाळी बोट लागताच पुसली जाते आणि तो घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. एक मणी तोडला तर उरलेल्या देठातून रस गळतो, त्यावर माशा बसतात आणि सड शेजारच्या मण्यांत उतरते. शिवाय तोडून खाल्लेल्या मण्यावर काढणीपूर्वीची औषधाची मुदत संपलेली आहे की नाही, हे खाणाऱ्याला माहीत नसते. फलकावर ही कारणे चार ओळींत लिहा. नुसते ‘आत जाण्यास सक्त मनाई’ वाचून कुणी थांबत नाही.

धोक्यांपैकी एकाचा उल्लेख पर्यटनाच्या कागदांत सहसा सापडत नाही, तो म्हणजे शेततळे. या पट्ट्यात बागेबागेला शेततळे आहे आणि बहुतेकांना 500 मायक्रॉनचे प्लास्टिक अस्तर आहे. हे अस्तर ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. उतार तीव्र, धरायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही त्यातून स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही आत अडकतो. पाणंदीपासून दिसणारे निळेशार पाणी मुलांना ओढून नेते. म्हणून वाटेपासून 50 मीटरच्या आत असलेल्या प्रत्येक शेततळ्याला पूर्ण कुंपण आणि कडी असलेले दार हवे. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंट्यांना पक्के बांधून तळापर्यंत सोडलेले हवेत, आणि काठावर हवा भरलेली ट्यूब. दोराच्या गाठी फूट-फूट अंतरावर असाव्यात, गुळगुळीत दोर ओल्या हातातून सटकतो. उन्हाने नायलॉन कुजतो, त्यामुळे दोर दरवर्षी ओढून पाहावा आणि शंका आली की बदलावा. हा खर्च मोठा नाही आणि तो वाट आखणाऱ्या यंत्रणेने करावा, शेतकऱ्यावर टाकू नये. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींचेही तेच. गवत वाढल्यावर विहिरीचे तोंड पाच पावलांवरूनही दिसत नाही.

रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा वाटेकडेने असतील तर त्यावर पिवळी पाटी हवी. बिबट्याबद्दल घबराट पसरवू नका, पण लपवूही नका. गोदावरी, दारणा, कादवाच्या काठचा ऊस आणि बागा यांत त्याचा वावर आहे. सूर्योदयानंतर निघावे, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गावात परतावे, लहान मुलांना मधे ठेवावे, कानात इयरफोन घालू नयेत, उसाच्या कडेला वाकून बसू नये, एवढे पाळले तर पुरे. वन विभागाचा 1926 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे दोन्ही क्रमांक प्रत्येक फलकावर हवेत. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये. अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे, आणि कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे त्याचे नाव फलकावर असावे. घोणस आणि फुरसे इथे दगडी बांधांत असतात, त्यामुळे बांधावर हात टेकून उडी मारू नये हेही लिहावे.

आता वाटेच्या बांधणीबद्दल, कारण पैसे इथे वाया जातात. काळ्या मातीवर थेट मुरूम पसरला तर पहिल्या पावसाळ्यात तो मातीत गडप होतो. काळी माती पाण्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा मुरूम गिळते. आधी 15 ते 20 सेंटिमीटर माती काढून दगडी सोलिंग करावे, त्याच्या फटी बारीक खडीने भराव्यात, वर 10 सेंटिमीटर मुरूम ओलसर करून दबाई करावी. मध्यभाग कडेपेक्षा जरासा उंच हवा आणि दोन्ही बाजूंना गटार हवे. सखल जागी मोरी टाकली नाही तर बाकी सगळे केलेले वाया जाते, कारण पाणी वाट फोडूनच पलीकडे जाते. डोंगराच्या पायथ्याशी जिथे चढ आहे तिथे वाटेवर तिरके दगड पुरून पाणी बाहेर काढावे, साधारण दर 15 ते 20 मीटरला एक, चढ तीव्र असेल तर याहून जवळ. दगडाचा एक तृतीयांश भागच वर दिसावा, नाहीतर पहिला पूर तो उखडतो. वाट सरळ चढवू नये. दहा मीटर चालण्यात एक मीटरपेक्षा जास्त उंची घेतली की मुरूम टिकत नाही, लोक कडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या चार होतात.

सिमेंट काँक्रीट करू नका, ही कळकळीची विनंती. ते उन्हात तापते, शेवाळले की घसरते, खालून माती वाहून गेली की पोकळ होते आणि फुटते. काँक्रीट दिसले की गाड्याही मागोमाग येतात. सायकलवाल्यांनाही दबलेला मुरूम चालतो. 32 मिलीमीटरपेक्षा बारीक टायर मात्र त्यात रुततो, आणि बाभळीच्या काट्यांमुळे ट्यूबमध्ये सीलंट घातलेले बरे, हे भाड्याने सायकल देणाऱ्यांना सांगून ठेवावे.

दिशादर्शनासाठी मोठे लोखंडी फलक फक्त सुरुवातीला आणि शेवटी लावावेत. मधे तळहाताएवढ्या रंगाच्या खुणा पुरतात: प्रत्येक फाट्यावर, फाट्याच्या वीस पावले पुढे एक खात्रीची, आणि फाटा नसला तरी दर 300 मीटरला एक. खुणा दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला दिसाव्यात, ही गोष्ट नेहमी राहून जाते. वीरगळ, देवळाचा दगड, लेणी आणि किल्ल्याचे बांधकाम यांवर रंगाचा ठिपकाही नको, तिथे दगडांचा छोटा ढीग किंवा लाकडी खुंटी वापरावी. खुणांना क्रमांक द्यावेत आणि ती यादी 108 च्या नियंत्रण कक्षाला, पोलीस पाटलांना व ग्रामपंचायतीला द्यावी. ‘दुगावच्या वाटेवर 14 नंबरच्या खुणेजवळ’ एवढे सांगता आले तर शोधाचा अर्धा तास वाचतो.

फलकावर अंतराबरोबर वेळ लिहा. विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला हिशेब अजून कामाला येतो: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. कुटुंबासाठी तासाला 4 किलोमीटर धरावेत. म्हणजे 9 किलोमीटरच्या आणि 180 मीटर चढाईच्या वाटेला सव्वादोन तास अधिक 18 मिनिटे, मिळून अडीच तासांच्या थोडे वर. मार्चच्या उन्हात आणि थांबे धरून साडेतीन तास लिहावेत. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, फेब्रुवारीअखेरपासून पाऊण लिटर. मधे पाणी भरण्याची जागा नसेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण ठिबकच्या टाकीतले पाणी खतमिश्रित असू शकते आणि तहानलेला माणूस तोटी दिसली की ओंजळ धरतो.

कोणत्या पट्ट्यात काय करावे याबद्दल आमची मते अशी. गंगापूर-गिरणारे-दुगाव हा पट्टा पहिल्या प्रयोगासाठी सर्वांत योग्य. शहर जवळ, पाणंदी सलग, आणि 1965 मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचे पाणी सोबतीला. मात्र बॅकवॉटरच्या काठावरून वाट नेऊ नका. उन्हाळ्यात पाणी हटले की गाळ वरून भेगाळलेला आणि कोरडा दिसतो, आतून ओला असतो, आणि गुडघाभर रुतलेला पाय ओढून काढता येत नाही. शिवाय शहर याच धरणाचे पाणी पिते, काठावर बाटल्या आणि जेवणाची पाने पडू लागली तर ती नळातून परत येतील. वाट पाण्यापासून दूर, उंचावरून न्यावी आणि दोन जागी पाहण्यासाठी ओटे करावेत.

दिंडोरी तालुक्यात रामशेजला जोडून वाट करता येईल. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षे झुंजवणारा हा किल्ला चढायला सोपा आहे, आशेवाडीतून पायऱ्यांनी वर जाता येते, आणि माथ्यावरून बागांचा पट्टा नकाशासारखा दिसतो. इथे आणि सर्वच कड्यांवर आग्या मोहोळाची सूचना हवी. उग्र अत्तर लावू नये, धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये. माश्या उठल्या तर हात झाडत उभे न राहता तोंड झाकून, कड्याची धार टाळून लांब निघून जावे.

सांजेगाव-कावनई भाग पावसाळा संपल्यावर सर्वांत देखणा, पण तिथे ओढे ओलांडण्याच्या जागा आधी नक्की कराव्यात. पायथ्याच्या कपिलधारा तीर्थाशी वाट सुरू केली तर पार्किंग आणि स्वच्छतागृह नव्याने बांधावे लागणार नाही. निफाडचा पूर्वेकडचा भाग सपाट आहे, तिथे सायकल आणि पक्षीनिरीक्षण. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये जाहीर झालेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांचे थवे असतात. तिथे वाट पाणथळीच्या काठापर्यंत नको, निरीक्षण मनोऱ्यापर्यंतच हवी, ड्रोन पूर्ण बंद हवेत. निफाडची जानेवारीतली पहाट महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड पहाटांपैकी असते हे मुंबईहून येणाऱ्याला कुणी सांगत नाही, फलकावर सांगा.

अंजनेरी आणि हरिहर या योजनेत जोडू नका. अंजनेरीच्या माथ्यावर खर्पुडीसारख्या दुर्मिळ वनस्पती आहेत आणि हरिहरच्या कातळपायऱ्यांवर चढणारे नि उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात. दोन्हीकडे गर्दी आधीच जास्त आहे. सपाटीवरच्या चांगल्या वाटा झाल्या तर त्या गर्दीतला काही भाग खाली थांबेल, हा या योजनेचा मोठा फायदा ठरू शकतो.

वायनरीचालकांना स्वतंत्र विनंती. चालणे आधी, चव नंतर, हा क्रम तुमच्या तिकिटातच बसवा. 30 मिलीलिटरचे पाच नमुने म्हणजे 150 मिलीलिटर, 13 टक्क्यांच्या वाइनमध्ये जवळजवळ 15 ग्रॅम अल्कोहोल. एवढ्यावर उन्हात चालणाऱ्याला तहान कळत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातली 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमची मर्यादा, अंगकाठी लहान असेल तर, ओलांडायला हे पुरेसे ठरू शकते. थुंकण्याचे भांडे टेबलावर मागितल्याशिवाय ठेवा. वाटेवर बाटली नेऊ देऊ नका, सार्वजनिक जागी पिणे कायद्याने बंदच आहे. 21 वर्षांखालच्यांना आणि न पिणाऱ्यांना त्याच टेबलावर द्राक्षाचा रस द्या, म्हणजे घरातले आजी-आजोबा आणि मुलेही वाटेवर येतील. संध्याकाळी परतीसाठी एसटीची फेरी वाढवून घेणे किंवा सर्वांनी मिळून एक मिनीबस चालवणे हे तुमच्या आणि परिवहन महामंडळाच्या हातात आहे. चालणाऱ्याची वाट जिथे संपते तिथे त्याची गाडी नसते, हे लक्षात घेतले नाही तर लोक पुन्हा डांबरी रस्त्याने उलटे चालत जातील.

पैशांबद्दल. पार्किंग आणि स्वच्छतागृहाचे शुल्क ग्रामपंचायतीकडे जावे आणि त्यातला ठरावीक हिस्सा वाटेच्या डागडुजीसाठी वेगळ्या खात्यात राहावा. वाट एकदा करून होत नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये गटारे उपसणे, जानेवारीआधी खुणा रंगवणे, एप्रिलमध्ये तारा आणि काड्या उचलणे अशी तीन कामे दरवर्षी असतात, आणि गावातल्याच दोन माणसांना ती ठरवून दिली तर होतात. ज्या बागाईतदारांना जेवण किंवा मुक्काम द्यायचा असेल त्यांनी 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करावी, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी महिन्यातून एक दिवस पर्यटन संचालनालयाचा माणूस बसावा.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरातले रस्ते रुंद होत आहेत. रुंदीकरणात पाणंदींची तोंडे भरावाखाली गाडली जातात आणि मग ट्रॅक्टरही चढत नाही, माणूसही. कामाच्या नकाशावर प्रत्येक पाणंदीचे तोंड दाखवून तिथे उतार आणि मोरी ठेवण्याच्या सूचना आत्ताच द्याव्यात. हे काम झाल्यावर करायला गेले तर खर्च अनेक पटींनी वाढतो.

आम्ही मागतो आहोत ते एवढेच: पहिल्या वर्षी गिरणारे-दुगाव पट्ट्यात 8 ते 10 किलोमीटरची एकच वाट. मोजणी पावसाळा संपताच, बागाईतदारांची बैठक गोडी छाटणीच्या आधी, शेततळ्यांची कुंपणे डिसेंबरपर्यंत, आणि जानेवारीच्या मध्यापासून फक्त शनिवार-रविवार वाट खुली. मार्चअखेर ज्या शेतकऱ्यांच्या बागेवरून ती गेली त्यांना विचारावे. त्यांनी होकार दिला तरच दुसऱ्या वाटेचे काम काढावे. मोजणीच्या दिवशी गाव नकाशा, टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आम्ही हजर राहू. तलाठी कार्यालयाने तारीख कळवावी.

आपले,
नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पायी आणि सायकलवर फिरणारे, वाटा राखणारे काही नागरिक